दाराजवळचं टेबल

मी फारशी बोलत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण त्या दिवशी मी वेळेवर एक वाक्य बोलले असते ना, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता. एकच वाक्य! ते काही माझ्या तोंडातून निघालं नाही आणि त्यापायी आमच्या आळीत दोन पक्ष पडले. माझं काय झालं, ते शेवटी कळेलच. चहा घ्या, मी क्रमानं सांगते. पण रागानं सांगणार आहे. माझा राग अजून गेलेला नाही.

तर मी मातीची भांडी करते. चाकावर नाही, नुसत्या हातानं. आमच्या कळंबला घोडनदीच्या काठाला चांगली चिकट माती मिळते. ती आणायची, कुटायची, चाळायची, मळायची. मग तिच्या लांब वळ्या करायच्या, चकलीच्या असतात तशा, आणि एकावर एक रचत जायचं. बोटांनी सांधे मिटवायचे. सुकत आलं की जुन्या चमच्याच्या पाठीनं घासत बसायचं, घासत बसायचं, हात भरून येईपर्यंत घासत बसायचं. शेवटी गोठ्यामागच्या खड्ड्यात गोवऱ्या आणि भुसा घालून भाजायचं. भाजताना निम्मी भांडी तडकतात. उरतात ती माझी.

माझ्या मामेबहिणीनं मोबाईलवर माझं पेज काढून दिलं. त्यावर तिनं लिहिलं, ‘स्वतंत्र मृत्तिका कलाकार’. स्वतंत्र! गोवऱ्या आईच्या, भुसा बाबांचा, खड्डा म्हशीच्या मालकीचा आणि मोबाईलसुद्धा बाबांचा. तोही त्यांचं जेवण होईपर्यंतच माझ्या हातात. पण वाचायला बरं वाटतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

आणि एक दिवस त्या पेजवरचे फोटो बघून चक्क फोन आला! डिंभ्याच्या वाटेवर एक कृषी पर्यटन केंद्र आहे, तिथल्या मॅडमचा. मॅडम बरंच काही बोलल्या. मी फक्त “हो” म्हणत होते. शेवटी शेवटी तर त्या काही विचारत नव्हत्या, तरी मी “हो” म्हणत होते.

सार असं, की शुक्रवारी चार वाजता मॅडम भांडी बघायला घरी येणार. आवडली तर पुढच्या रविवारी त्यांच्याकडच्या हुरडा महोत्सवात मला एक टेबल मिळणार. पुण्याची माणसं येणार, भांडी बघणार, विकत घेणार!

टेबल हो! तुम्हाला त्याचं काय वाटणार म्हणा. पण मी तोवर माझी भांडी धडपणे कुणाला दाखवली असतील, तर ती म्हशीला. ती रोज बघायची आणि रवंथ करायची.

त्याच शुक्रवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ते सहा वाजता. म्हणजे चार वाजता मॅडम, सहा वाजता बायका. मधे दोन तास. यात घोळ व्हायचं काही कारण होतं का? तुम्हीच सांगा!

दुपारी आई म्हणाली, “तनू, वाणाच्या गाळण्या आणल्यात बघ खोक्यात. त्या दाराजवळच्या टेबलावर नीट लावून ठेव.”

“हो,” मी म्हणाले.

चहाच्या गाळण्या होत्या त्या. हिरव्या दांड्याच्या, प्लास्टिकच्या. पण आमच्या घरात उजेडात असलेलं टेबल एकच, ते दाराजवळचं. भांड्यांवर उजेड पडायला नको का? मी विचार केला, मॅडम येऊन गेल्या की गाळण्या लावू. खोकं टेबलाखाली सरकवलं, वर आईची जरीची ओढणी अंथरली आणि माझी भांडी मांडली. वाडगे, पेले, दोन कानांची सुगडं आणि मधोमध ते चोचीचं दुधाचं भांडं. त्या चोचीसाठी मी तीनदा भांडं मोडलं होतं. चौथ्यांदा ती अशी जमली, की दुधाचा एक थेंब खाली ओघळत नव्हता.

चार वाजले. मॅडम नाहीत. साडेचार झाले. मॅडम नाहीत. मग त्या दिवसापुरत्या मागून घेतलेल्या बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला, मंचरला गाडीचं टायर बसलंय, उशीर होईल.

तेवढ्यात आत दूध नासलं! आई ओरडली, “तनू, पळ, डेअरीतून दूध आण!” मी पळाले. डेअरीत ही रांग! सगळ्या गावाचं हळदीकुंकू त्याच दिवशी होतं का काय, कोण जाणे. परत आले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. बायका सहाच्या आधीच आल्या होत्या. कधी नव्हे त्या वेळेच्या आधी!

आता एवढ्या बायकांच्या मधून मी पुढच्या दारानं जाणार? मी? शक्यच नाही. “किती उंच झाली गं”, “कितवीला गं”, “बोलत का न्हाई गं” या तिन्हींना उत्तरं द्यावी लागतात. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले आणि दूध तापत ठेवलं.

आई मधल्या खोलीत कुंकवाचं ताट घेऊन बसली होती. तिथून दाराजवळचं टेबल दिसत नाही. उठणाऱ्या प्रत्येक बाईला ती मोठ्या प्रेमानं सांगत होती, “जाताना टेबलावरचं वाण घ्या हं! एकेक!”

मी ऐकलं. दूध ढवळलं. पुन्हा ऐकलं. आणि मग माझा हात थांबला.

टेबलावरचं वाण?

खिडकीतून बघते तर चंद्रकला काकू अंगणातून चाललेल्या. चंद्रकला काकू म्हणजे आमच्या शेजारच्या, आळीच्या न निवडलेल्या सरपंच. त्यांच्या पदराआडून एक चोच बाहेर डोकावत होती. माझी चोच! चौथ्यांदा जमलेली!

“वैनीनं यंदा लई भारी वाण लुटलं बाई!” काकू दुसरीला सांगत होत्या. “संक्रांतीला मातीचंच पायजे. गेल्या सालासारखं न्हाई, साबणाची डबी!”

मी ओरडायला तोंड उघडलं. “काकू, ते विकायचं आहे!” एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडंच राहिलं. आवाज आला, पण तो दूध उतू गेल्याचा.

पुढच्या काही मिनिटांत माझं सगळं टेबल लुटलं गेलं. अक्षरशः लुटलं! कुणी वाडगा नेला, कुणी पेला नेला. एकीनं तर दोन नेले, सुनेच्या वाटणीचं म्हणून. वर्षभराची माझी मेहनत कपाळाला कुंकू लावून हसत हसत दारातून बाहेर जात होती, आणि प्रत्येक भांड्यामागे माझी आई म्हणत होती, “घ्या घ्या, लाजू नका!”

लाजत मी होते. बाकी कुणीही लाजत नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण भांडी संपली आणि बायका उरल्या. शेवटच्या चौघी-पाच जणी रिकाम्या टेबलापाशी येऊन उभ्या. त्यात शेवंतामावशी. त्यांनी ओढणी उचलून खाली बघितलं आणि त्यांना खोकं सापडलं. त्यांनी गाळणी वर काढली, उजेडात धरली.

“वैनी,” त्या मधल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “म्होरं आल्या त्यांना सुगड, आन् आमाला गाळणी? आमचं कुक्कू काय येगळ्या डब्यातलं हाय व्हय?”

आई धावत बाहेर आली. टेबल बघितलं, गाळणी बघितली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मला बघितलं. तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता आई सांगेल. पण आई काय म्हणाली माहीत आहे?

“अहो मावशी, मातीचं संपलं हो. तुमचं राहिलं माझ्याकडे. तनू करून देईल की!”

तनू करून देईल! जशी काही मी भजी तळते!

आणि नेमक्या याच वेळी, तुम्ही म्हणाल ही बनवून सांगतेय, दारात मॅडम आल्या. कॉटनची साडी, गळ्यात मोठे मणी. आईला वाटलं, कुणाची तरी पाहुणी असेल. तिनं मॅडमना बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि हिरव्या दांड्याची गाळणी दिली.

मॅडमनी गाळणीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तनुजा तूच ना? भांडी कुठे आहेत?”

मी दाराबाहेर बोट दाखवलं. आळीकडे. ह्या घराकडे, त्या घराकडे, समोरच्या घराकडे.

मॅडम आधी गोंधळल्या, मग आईनं सांगितलं तेव्हा इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. “हरकत नाही,” त्या म्हणाल्या, “फोटो बघितलेत मी. रविवारी भांडी घेऊन सरळ तिकडेच ये. टेबल ठेवते तुझ्यासाठी. पण रिकामं टेबल नको हं!”

त्या गेल्या. मी आईला म्हणाले, “भांडी परत आण.”

“वेडी का गं? दिलेलं वाण परत मागतात? सवाष्णींच्या हातातलं? आणि रविवार अजून लांब आहे. दुसरी कर.”

“सुकायलाच आठ दिवस लागतात, आई! ओली भाजली तर सगळी फुटतील!”

“मग तू जा. तुझी तू माग.”

असं म्हणाली. मला! जिला दुकानात जाऊन सुट्टे पैसे परत मागता येत नाहीत, तिला!

पण टेबल जाणार होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गेले. आधी चंद्रकला काकूंकडे. बघते तर काय, माझं चोचीचं भांडं मोरीच्या कट्ट्यावर, आणि त्यात मिश्री! काळी, भाजलेली, दाताला लावायची मिश्री!

“काकू,” मी कसंबसं म्हणाले, “ते भांडं...”

“झ्याक हाय की गं! नुसतं जरा वाकडं हाय. चाकावर नीट फिरवलं नसंल.”

“चाकावर नाही केलं. हातानं केलंय.”

“आसं! तरीच वाकडं.”

पुढच्या घरी माझा पसरट वाडगा अंगणात होता. त्यात कोंबडी पाणी पीत होती. पीत होती तोवर ठीक, मग ती त्यात चढली. तिसऱ्या घरी पेल्यात मोबाईलचा चार्जर आणि एक गंजका खिळा. मला अगदी रडू यायला लागलं होतं, पण रागानं. माणसांना काही कळतं की नाही? हातानं केलेली वस्तू आहे, तिच्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत, ती करणाऱ्याला निदान एकदा विचारावं, की बाई गं, हे घेऊ का? टेबलावर दिसलं की उचललं! ही काय रीत झाली?

हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, “येते काकू.”

इकडे गाळणीवाल्या बायकांनी वेगळंच सुरू केलं होतं. शेवंतामावशी रोज सकाळी दारात. “झालं का गं आमचं सुगड?” सुगडवाल्या नळावर गाळणीवाल्यांना चिडवत होत्या. एकीनं तर चहालाच बोलावलं आणि मुद्दाम माझ्या पेल्यातून दिला. त्या दोघी अजून बोलत नाहीत.

शेवटी आईलाच माझी दया आली. तिनं चंद्रकला काकूंना बोलावून टेबलाचं सगळं सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “आगं मंग आधी बोलायचं न्हाई का, येडे! वाण परत देत न्हाईत, ही गोष्ट खरी. पन लग्नाला आपुन येकमेकींची पातेली न्हेतो का न्हाई? तशी न्हे. मांडायला न्हे. आन् संध्याकाळी ज्याचं त्याला परत!”

म्हणजे माझीच भांडी मी उसनी घ्यायची! बघा! बरं, लग्नाच्या पातेल्यांवर नावं असतात, तशी यांच्यावर नको का? काकूंनी सुनेची लाल नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक भांड्याच्या बुडावर जिचं तिचं नाव घातलं. माझं नाव एकाही भांड्यावर नव्हतं.

आणि एवढ्यानंही विश्वास बसेना. “भांड्यांसंगट आमी बी येतो,” काकू म्हणाल्या. रविवारी सकाळी पिकअप भरून निघाली. मागे पोत्यांवर भांडी आणि भांड्यांच्या भोवती त्यांच्या मालकिणी. गाळणीवाल्याही आल्या. त्यांना का मागे ठेवायचं?

हुरडा महोत्सवाच्या फाटकाशी नऊवारी नेसलेली एक बाई येणाऱ्या प्रत्येकीला हळदीकुंकू लावून तिळगूळ देत होती. तिच्या शेजारीच टेबलावर बांबूच्या चिमुकल्या परड्या मांडलेल्या. काय बारीक वीण होती! काठाला काळ्या पट्टीची नक्षी. मला कुंकू लागलं, मी एक परडी उचलली, तिच्यात तिळगूळ ठेवला आणि पुढे गेले. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात वाण! हातानं केलेलं. देणाऱ्यांना कदर आहे. नाहीतर आमच्या गाळण्या!

माझं टेबल लागूनच होतं. भांडी मांडली. पेल्यांची बुडं पिकअपमधल्या धुळीनं मळली होती, म्हणून एक फडकं ओलं करून ती पुसली आणि ते चिखलाचं फडकं हाताशी असावं म्हणून परडीत ठेवलं.

पुण्याची माणसं आली. एका बाईंनी चोचीचं भांडं उचललं. “किती सुंदर! केवढ्याला?”

मागे खुर्ची टाकून बसलेल्या काकू ताडकन उठल्या. “इकायचं न्हाई ते!” आणि त्यांनी ते बाईंच्या हातातून काढून पुन्हा टेबलावर ठेवलं.

“मग मांडलंय कशाला?”

“बगायला! आमचं वाण हाय ते.”

मला वाटलं, संपलं सगळं. पण पुण्याच्या माणसांचं मला काही कळलंच नाही. विकायचं नाही म्हटल्यावर गर्दी वाढली! “आम्हाला अगदी असंच करून द्याल का?” “असंच वाकडं हवं हं!” मॅडम स्वतः कागद-पेन घेऊन माझ्या ऑर्डरी लिहून घ्यायला बसल्या. काकू एकेकीला सांगत होत्या, “हातानं करती. चाक न्हाई, काय न्हाई. लई गुनाची पोर. जरा मुकी हाय.”

मी हवेत होते. आणि एक मुलगी मघापासून माझ्याकडे एकटक बघत होती. परड्यांच्या टेबलामागे उभी होती. माझ्याच वयाची, डिंभ्याकडची. मी बघितलं की ती मान खाली घालायची. मला वाटलं, बिचारी! माझी भांडी आवडली असणार. लाजते आहे. मी तिच्याकडे बघून एक मोठ्या कलाकारासारखं हसले.

दुपारी ती हळूच जवळ आली. ओठ हलले, आवाज नाही. परत गेली. पुन्हा आली. काकूंनी विचारलं, “काय पायजे गं बाये? बोल की, खाती का काय तुला?”

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “ताई... ती परडी... इकायची व्हती.”

मी परडीकडे बघितलं. चिखलाचं फडकं. त्याला चिकटलेला तिळगूळ. काठाची काळी नक्षी ओल्या मातीखाली गेली होती. ती मुलगी टेबलाखाली वाकून परड्या काढत होती म्हणे, तेव्हा मी एक उचलली. वर आली तेव्हा मी निघाले होते, आणि तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. सकाळपासून!

एक सांगू? मला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि तेवढ्यात चंद्रकला काकू त्या मुलीला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “आगं, दिलेलं वाण परत मागत न्हाईत, पोरी!”

“काकू, ते वाण नव्हतं!” मी ओरडले. खरंच ओरडले. आळीतल्या बायकांनी माझा एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला. “ते तिनं विकायला मांडलेलं होतं! आणि मी न विचारता उचललं!”

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंतामावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझे कान तापले. काहीतरी करायला हवं, म्हणून मी टेबलावरचं हाताला लागलं ते भांडं उचललं आणि त्या मुलीच्या हातात कोंबलं. “हे घे. परडीच्या बदली. घेच!”

तिनं ते उलटं करून बघितलं. बुडावर लाल नेलपॉलिशनं ठसठशीत लिहिलं होतं, ‘चंद्रकला’.

“तनेऽऽ!” मागून आवाज आला. “माजंच दिलंस व्हय?”

चोच त्या मुलीकडेच राहिली. ती आता तिकडे कुठेतरी डिंभ्याला दूध ओतत असेल. मिश्रीपेक्षा बरं. काकूंना मी दुसरं करून दिलं आहे. त्याची चोच गळते आणि त्या ते रोज मला दाखवतात. शेवंतामावशींचं सुगड अजून भाजायचंय.

त्यानंतर रथसप्तमीपर्यंत आळीत आणखी बरीच हळदीकुंकवं झाली. आई मला सगळीकडे घेऊन गेली. आणि जिथे जाईन तिथे चंद्रकला काकू आधीच येऊन बसलेल्या असायच्या. मी उंबऱ्यात पाय ठेवला रे ठेवला, की आतून त्यांची हाळी यायची, “आगं, टेबलावरचं उचला बायांनो, तनू आली!”